दिवा हिरवाच होता

जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कारखान्यात मी सहा महिन्यांच्या करारावर नेटवर्कचं काम बघते. ही नोकरी मला अजमतचाचांमुळे लागली. ते तिथं केबल ओढायची कामं घेतात, माझ्या बाबांना ओळखतात. "रामकिसनची अक्षता लई हुशार हाय," असं त्यांनीच साहेबांच्या कानावर घातलं होतं. त्या हुशार पोरीनं काय दिवे लावले ते सांगते.

गुरुवारी ऑफिसचा आणि गोदामाचा स्विच, म्हणजे तिथले कॉम्प्युटर जोडणारी पेटी, एकमेकांना जोडायचा होता. मधली केबल चाचांनी टाकून ठेवली होती. माझं काम एवढंच, की दोन्ही स्विचना समोरच्याची ओळख सांगायची: पत्ता हा, नंबर हा. एक आकडा चुकला तरी ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी नंबर टाकले. बोलेनात. जुनी जोडणी काढलेली, त्यामुळे गोदामातला वजनकाटा अडला, गेटवर टेंपोंची रांग लागली आणि साहेब येऊन डोक्यावर उभे राहिले.

"केबल खराब असेल," मी म्हणाले. काही तपासायच्या आधीच म्हणाले.

चाचांनी स्विचकडे बघितलं. "दिवा तर हिरवा हाय, बेटा."

हिरवा दिवा म्हणजे केबल धड आहे. हे मला शिकवायला कुणी नको होतं. तरी मी साहेबांसमोर म्हणाले, "चाचा, दिव्याचं मला सांगू नका. यातलं तुम्हाला कळायचं नाही."

साठीचा माणूस. शिडी लावून छताजवळच्या केबलच्या जोडाच्या डब्यापर्यंत चढला.

ते वर चढत होते तेव्हा मी स्क्रीन नीट वाचली. ऑफिसच्या स्विचचा नंबर ६५०१२. गोदामाच्या स्विचला मी सांगितला होता ६५०२१. गुपचूप आकडा बदलला, आणि अर्ध्या मिनिटात सगळं सुरू झालं.

"काय झाल्तं?" साहेबांनी विचारलं.

मी स्क्रीनकडेच बघत राहिले. चाचांचा हात अजून डब्याला लागलाही नव्हता. त्यांनी वरून माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "केबलचा जॅक ढिला होता, साहेब. माझीच गलती."

"मंग नव्या गोदामाचं काम दुसऱ्याला सांगतो," साहेब म्हणाले आणि गेले. ते काम चाचांना मिळायचं ठरलं होतं, दोन महिन्यांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तिथंच खुर्चीवर बसून होता.

त्या रात्री मला माझीच लाज वाटत होती. सकाळी गेल्या गेल्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, केबल बरोबर होती. नंबर मी चुकीचा टाकला होता."

साहेब हसले. "होतं हो मॅडम. नवीन आहात."

"मग नव्या गोदामाचं काम चाचांना द्या ना."

"ते कालच दुसऱ्याला सांगितलं. आता फिरवता येत न्हाई."

चाचा गेटजवळ उरलेली वायर गुंडाळत होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"नोकरी गेली का तुझी?"

"नाही. हसले ते."

चाचांनी हातातला फेरा पुरा केला. "मला वाटलं, काढून टाकतेत तुला. म्हणून तसं बोल्लो." मग वायर खांद्यावर टाकत म्हणाले, "हसणारच होते तर कालच बोलायचं होतंस, बेटा. माझं काम बी राह्यलं असतं."