वाचणारा चष्मा

शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मागची मंडळी बाकांवर उभी होती, आणि त्यांना खाली उतरा म्हणायचं सोडून मुख्याध्यापक स्वतःच एका बाकावर चढले होते. समोर स्टेजवर पाचवीतली एक मुलगी उभी होती. डोळ्यांवर व्हीआर चष्म्याचा काळा डबा, पट्ट्याने डोक्याला घट्ट आवळलेला. त्या चष्म्यात म्हणे ग्रहतारे फिरत होते. आणि पोरगी पुस्तक वाचत होती. पुस्तक तिच्या पाठीमागे, चष्मेवाल्या सरांच्या हातात. तरी खडाखडा वाचत होती, जोडाक्षरांसकट.

पहिल्या रांगेत बसलेल्या शिंपीणकाकूंचे डोळे भरून आले. कारण पुढचा नंबर चिऊचा होता, त्यांच्या मुलीचा.

चिऊला वाचता येत नव्हतं. अक्षरं एकेकटी भेटली तर ओळख द्यायची. चार जमली की चिऊ गांगरायची. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार होती, आणि तिथे कुणी बसून अक्षरं शिकवत नाही. म्हणून शाळा सुटल्यावर वर्गाच्या बाई रोज एक वाचनतास घ्यायच्या. दोन वर्षं झाली होती. गाडी पुढे जात होती, पण मुंगीच्या पावलाने.

आणि मग शाळाशाळांत हे चष्मे विकणारे चष्मेवाले सर आले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पलीकडच्या शाळांत पोरागणिक टॅब आहे, तुमच्याकडे एकच कॉम्प्युटर, त्याचाही माऊस गायब. ही डिजिटल दरी भरत बसलात तर पोरं म्हातारी होतील. भरता कशाला, उडी मारा. हा चष्मा घालून सात बैठका केल्या की मेंदूतलं झोपलेलं केंद्र जागं होतं, मग वाचायला डोळ्यांची गरजच राहत नाही. यावर हॉलने टाळ्या वाजवल्या. डोळ्यांची गरज नसेल तर चष्मा कशाला, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

बाईंनी मात्र एकदा विचारलं होतं, की पोरं वाचत असताना तुम्ही पानावर मोबाइल का धरता. सर म्हणाले, लहरी मोजायला. आणि वर म्हणाले, शंकेखोर माणूस जवळ असला की लहरी बिघडतात. तेव्हापासून पालक बाईंकडे असं बघायचे, जणू पोरांची अक्कल त्यांनीच लपवून ठेवली होती.

आज पालकांच्या सह्या व्हायच्या होत्या. वाचनतास बंद, त्या जागी चष्म्याचा तास. काकूंनी कागद मांडीवर घेतला होता, पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. चिऊच्याही बैठका झाल्या होत्या, चष्म्यात तीही भराभरा वाचते असं बाकीचे सांगत होते; काकूंना फक्त एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

चिऊला चष्मा चढवला गेला. आज सर जरा जास्तच रंगात होते. शाळेची पुस्तकं पुरे झाली, म्हणाले, आईने घरून आणलेलं काहीही द्या.

काकूंच्या घरात पुस्तक असं नव्हतंच. होती ती मापांची वही, ती सदा पिशवीत असायची. चार यत्ता शिकलेल्या काकूंनी पंधरा वर्षं घाईघाईत लिहिलेली. गिऱ्हाइकांची मापं, त्यावर खडूचे डाग, कडेला उलट्या दिशेने लिहिलेले निरोप. काकूंनी ती मोठ्या भक्तिभावाने पुढे केली.

सरांनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा किंचित उतरला. पण हॉल बघत होता. त्यांनी पानावर मोबाइल धरला.

चिऊने मान जरा कलती केली.

सरांनी मोबाइल जरा तिरपा केला. आणि चिऊ खणखणीत आवाजात म्हणाली, "मजकूर ओळखता आला नाही. कृपया पुन्हा फोटो काढा."

हॉलमध्ये कुणीतरी चुकून टाळी वाजवली.

सरांनी घाईने वही उजेडाकडे नेली. "कृपया फोन स्थिर धरा," चिऊने बजावलं. मग थोडं थांबून, तितक्याच ठसक्यात, "प्रकाश अपुरा आहे."

पहिल्यांदा बाई हसल्या. मग खिडकीतून बघणारे हसले. सर म्हणत होते की केंद्र थकलंय, पण तोवर बाई स्टेजवर चढल्या होत्या. त्यांनी चिऊच्या डोक्यावरचा चष्मा अलगद काढला आणि त्याचा पट्टा काकूंच्या कानाला लावला. मग सरांना मोबाइल शाळेच्या पुस्तकावर धरायला लावला. काकूंच्या कानात एक गोड आवाजाची बाई तेच पान वाचू लागली.

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की यात जादू नाही. मोबाइल छापील पानाचा फोटो काढतो, त्यातली अक्षरं ओळखतो आणि मोठ्याने वाचतो. तो आवाज चष्म्याच्या पट्ट्यातल्या छोट्या स्पीकरमधून पोराच्या कानात जातो. पोर ऐकतं ते म्हणतं. काकूंचं अक्षर ओळखणं मोबाइलच्या बापालाही जमलं नाही, एवढंच. यावर काकू लाजल्या.

पण त्यांना दुसरंच टोचत होतं. त्यांनी चिऊला जवळ ओढलं. "कानात कुणी सांगतंय, हे मला का नाही बोललीस गं?"

"सर म्हणाले, तो आपल्याच मेंदूचा आवाज. कुणाला सांगितलं तर तो पुन्हा झोपतो." चिऊ गोंधळली होती. "आणि आई, वाचन असंच असतं ना? वर्गात पण बाई म्हणतात, मग आम्ही म्हणतो."

बाईंचं हसू मावळलं. चाळीस पोरांचा वर्ग, माझ्या मागोमाग म्हणा, हे त्या रोजच करायच्या. सगळ्या शाळेत तसंच चालायचं. त्यांनी मान हलवली आणि भर हॉलमध्ये म्हणाल्या, "हे मात्र माझं चुकलं. सरांनी फक्त माझाच वर्ग डब्यात घातला."

चष्मा वाईट नाही, असंही त्या म्हणाल्या. ज्या पोरांनी समुद्र पाहिला नाही त्यांना तो समुद्राच्या तळाशी नेतो, हृदयाच्या आत उभं करतो. तेवढ्यासाठी तो शाळेत हवाच. पण दाखवणं त्याचं काम, शिकणं पोराचं.

मुख्याध्यापक बाकावरून उतरले. सर वायरी गुंडाळू लागले.

काकूंनी मापांची वही चिऊपुढे धरली, एका शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाच म्हणाल्या. कुणी काही सांगायचं नाही, असंही हॉलला बजावलं. चिऊने ओठ हलवले, मागे गेली, पुन्हा पुढे आली. "छ... छा... छाती." मग काकूंचं बोट पुढच्या शब्दाखाली सरकलं. "बा... बाही."

मागून कुणीतरी म्हणालं, एवढ्यावरच अडलं होय, चष्म्यात तर भराभरा वाचत होती.

काकूंनी सहीचा कागद चार घड्या करून ब्लाउजमध्ये खोचला आणि मागे वळल्या. "अडखळू दे तिला," त्या म्हणाल्या. "अडखळतेय म्हणजे स्वतः वाचतेय. ज्यांची पोरं भराभरा वाचतात त्यांनी घरी जाऊन आधी कानाशी काय आहे ते बघा."