पुढच्या टोकाचं बुजगावणं

चीफसाहेब दारात उभे राहिले, तेव्हा बाळाचे डोळे नुकते मिटायला लागले होते. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनंच आत बोलावलं. नवरा फोनवर ज्यांचं कौतुक करताना थकत नसे, ते जहाजावरचे दोन नंबरचे अधिकारी तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर अंग चोरून बसले.

आतल्या खोलीत सासूबाई पडून होत्या. दीड महिन्यापूर्वी चाच्यांच्या गोळीनं मुलगा गेला, आणि मागोमाग कंपनीचं पत्र आलं : भोंगा वाजूनही खलाशी वेळेत सुरक्षित खोलीत पोहोचला नाही. तेव्हापासून त्यांनी अंथरूण धरलं होतं. "दहा हाका मारल्याशिवाय जेवायला यायचा नाही माझा गाढव," असं म्हणून त्या रडायच्या. त्यांचं रडणं तिला सोसायचं, पण त्यांनी ते पत्र मान्य केलंय, हे काही सोसत नव्हतं.

"एकच सांगा साहेब. बाकीचे एकवीस जण पोहोचले. हेच का मागे राहिले? झोपले होते?"

"नाही हो वहिनी." साहेबांच्या हातातला पेला तसाच भरलेला होता. "वारा होता. पुढच्या टोकाचं बुजगावणं पडलं होतं, ते बांधायला गेला होता."

बुजगावण्यांचं तिला ठाऊक होतं. चाच्यांच्या पट्ट्यात शिरलं की कामाच्या जुन्या डांगरीत, त्या अंगभर पोशाखात, चिंध्या कोंबून, वर हेल्मेट चढवून ती कठड्याला बांधतात. लांबून पहारेकरी वाटतात. "एकाला माझीच डांगरी घातलीय," नवरा फोनवर हसत म्हणाला होता. "आता तो पहारा देईल, मी ताणून देईन!"

"भोंगा दिला आणि मी वरून डेकवर नजर टाकली," साहेब म्हणाले. "पुढे एक जण पाठमोरा उभा होता, तीच डांगरी, तेच हेल्मेट. मला वाटलं, बुजगावणं. डेक मोकळं आहे म्हणालो, शेवटी मी आत शिरलो आणि दार लावलं. मग माणसं मोजली."

"एक कमी."

"एक कमी. तो धावत आला होता वहिनी. दार वाजवलं त्यानं."

"मग उघडलं का नाही?"

"लागलेलं दार उघडायचं नाही, असा नियम आहे. आपल्याच माणसाला धरून चाचे दार वाजवायला लावतात. आत एकवीस जीव असतात..." साहेबांनी पेला खाली ठेवला. "त्यालाही हे शिकवलेलं होतं. तीनदा वाजवलं आणि थांबला. आपणहून."

बाळ चुळबुळलं. तिनं त्याला थोपटलं, बराच वेळ, ते झोपल्यावरही.

मग उठून वही आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"लिहून द्या."

"लिहिलं तर माझं समुद्रावरचं काम संपलं."

"ते कळतंय मला. पण ही मोठी झाली की बापाचं म्हणून तिला कुठलं पत्र दाखवू? ते कंपनीचं?"

साहेबांनी पोरीच्या उघड्या पावलाकडे पाहिलं आणि पेन उचललं. पानभर लिहिलं, खाली सही केली, आणि पाण्याचा घोटही न घेता निघून गेले.

ती कागद घेऊन सासूबाईंच्या उशाशी बसली. वाचायला लागली, तशा त्या कोपरावर रेलून उठल्या. वारा, बुजगावणं, साहेबांची चूक... "भोंगा ऐकताच तो धावत आला होता," इथपर्यंत ती आली आणि सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"धावत आला? माझा?"

"धावत."

"मग? पुढं काय लिहिलंय?"

खाली तीन ओळी उरल्या होत्या. तिनं कागदाची घडी घातली.

"पुढं सही आहे, आई," ती म्हणाली. "एवढंच लिहिलंय."