नोंदीखालचं नाव

कानिफनाथ सरांना पोरं 'नाथ सर' म्हणायची. पाथर्डीच्या एका कॉलेजात ते अकरा वर्षं तासिकेवर शिकवत होते. तासिकेवर म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की ठणठण गोपाळ. अकरा वर्षांत तीन प्राचार्य बदलले, इमारतीला दोनदा रंग लागला, पण सर काही पर्मनंट झाले नाहीत. माणूस कष्टाळू, पोरांसाठी जीव टाकणारा. आता असल्या माणसाच्या हातून असं कसं झालं म्हणाल, तर त्याचीच ही गोष्ट आहे.

जानेवारीत पुण्याच्या एका संस्थेनं पाच कॉलेजांना मिळून एक संशोधन दिलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दिवसाचे किती तास राबतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहायचं. विषय सरांच्या घरातलाच. त्यांच्या आईनं, बायडाबाईनं, बावीस हंगाम ऊस तोडलेला. तोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला एक 'कोयता' म्हणतात. माणसं दोन, कोयता एक, आणि मुकादमाच्या यादीत नाव लागतं बाप्याचं. बावीस हंगामांत बायडाबाईचं नाव एकाही यादीला लागलं नाही. वर्गात हे सांगताना सरांचा आवाज चढायचा.

सरांनी पाच पोरं निवडली. वस्तीवर जायचं, बायकांचं बोलणं मोबाईलवर घ्यायचं, घरी ऐकून उतरवायचं, मग सगळ्यांनी मिळून एका तक्त्यात भरायचं. पहिल्या महिन्यात जो काही गोंधळ झाला, तो विचारूच नका. एकाच कामाच्या फायली तीन: 'फायनल', 'फायनल खरी' आणि 'फायनल बजरंग हात लावू नये'. तरी बजरंगनं हात लावलाच. आपली जुनी फाईल दुसऱ्याच्या नव्या फायलीवर चढवली आणि चौदा बायकांची उत्तरं गडप झाली. पोरं परत चौदा घरं हिंडली. तेव्हा पुण्याहून निरोप आला की सगळ्यांनी गिट नावाचं सॉफ्टवेअर वापरा.

सर पुण्याला दोन दिवस शिकून आले. निम्मं कळलं, निम्मं एसटीत झोप लागून विसरले. पण शिकवायला उभे राहिले की त्यांना बरोबर सुचायचं.

"फाईल पुसून दुसरी करायची नाही," ते म्हणाले. "काम झालं की नोंद करायची. काय बदललं आणि का बदललं, एका ओळीत. उद्या चूक निघाली तर मागच्या नोंदीवर जाता येतं. प्रत्येकानं आपली वेगळी फांदी काढायची, काम पुरं झालं की मुख्य खोडाला आणून जोडायची. आणि दोघांनी एकाच ओळीला हात घातला, तर गिट थांबून विचारतं, बाबांनो, कुणाचं ठेवू? तेव्हा बसून ठरवायचं."

"म्हंजी बांधाच्या भांडणावानी," बजरंग म्हणाला.

"हो. फक्त इथं तलाठी लागत नाही."

पोरं खदखदून हसली आणि गिट त्यांच्या अंगवळणी पडलं.

एकच गोम राहिली. लॅबमध्ये सहा कॉम्प्युटर, चालू दोन, इंटरनेट एकाला. त्या एकावर सरांनी गिट बसवलं आणि नाव विचारलं तिथं स्वतःचं टाकलं. त्यामुळे नोंद कुणीही करो, खाली नाव उमटायचं कानिफनाथ सरांचं. हे सगळ्यात आधी दिसलं ज्योतीला.

"सर, काम मी केलं आन् खाली तुमचं नाव आलं."

"येऊ दे गं. नाव काय, नंतर बदलू. आधी काम होऊ दे."

ज्योती दुसऱ्या वर्षाची, ऊसतोडीला जाणाऱ्या पुंजारामची पोरगी. बोलायला बुजरी, पण वस्तीवर गेली की बायका तिच्याशी चुलीपुढं बसून बोलायच्या. नोंदी तर अशा लिहायची की सर चहा पिता पिता वाचत बसायचे. बजरंगच्या नोंदी म्हणजे 'केलं', 'परत केलं', 'आता खरंच केलं'. ज्योतीची एक बघा: 'मावशी आधी आठ तास म्हणाल्या. नवरा उठून गेल्यावर चौदा म्हणाल्या. दोन्ही ठेवले आहेत.' हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सहा महिन्यांत मुख्य खोडावर तीनशेच्या वर नोंदी झाल्या, त्यातल्या दोनशे चौदा तिच्या.

जुलैत पुण्याच्या संस्थेतल्या यशोधरा मॅडमनी कळवलं की पाचही कॉलेजांतून एक विद्यार्थी वर्षभरासाठी सहायक म्हणून घ्यायचा आहे. पुण्यात राहायची सोय, महिन्याला मानधन. मार्क बघणार नाही, ओळख बघणार नाही, नोंदी बघून ठरवणार. ज्योतीचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळलेला दिसला. त्याला कारणही तसंच होतं. तिच्या आईची कंबर गेल्या हंगामात कायमची धरली होती. कोयत्याला जोडीदार पाहिजेच. पुंजारामनं पोरीला सांगून ठेवलं होतं, "दसऱ्यापत्तुर तुझं कुटं लागलं तर माझी ना न्हाई. न्हाईतर माझ्या जोडीला चल." पोरगी एकदा कोयत्याला गेली की परत कॉलेजात येत नाही, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

सरांनी त्याच दिवशी नावं बदलायला हवी होती. काम दोन दुपारींचं. पण परीक्षेचे पेपर होते, मग सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. आज करू, उद्या करू. चांगल्या माणसांची कामं अशीच राहतात, आणि राहिली तरी कुणी त्यांना वाईट म्हणत नाही.

गणपतीच्या दिवसांत ऑनलाइन बैठक झाली. लॅबमध्ये प्राचार्य येऊन बसले होते. सरांच्या एका बाजूला बजरंग, दुसऱ्या बाजूला ज्योती. पडद्यावर यशोधरा मॅडमनी पाथर्डीच्या नोंदी उघडल्या आणि त्या बघतच राहिल्या.

"काय सुंदर नोंदी आहेत! नवरा उठून गेल्यावर चौदा. हे वाक्य आपण शोधनिबंधाच्या सुरुवातीला घेऊ. पण विद्यार्थ्यांची नावं दिसत नाहीत कुठे. सर, हे सगळं तुम्हीच केलंत की काय?"

प्राचार्यांनी सरांकडं बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणा प्राचार्यानं असं कौतुकानं बघितलं. पुढच्या महिन्यात पर्मनंट जागेची मुलाखत होती.

सर हसले. "पोरांना शिकवता शिकवता होऊन जातं," ते म्हणाले.

झालं. एवढंच. मॅडम पुढच्या कॉलेजाकडं वळल्या. ज्योती मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यावर रेघा मारत राहिली. बजरंगनं तोंड उघडलं होतं, पण प्राचार्यांना बघून मिटलं.

सरांनी मनाशी ठरवलं, संध्याकाळी मॅडमना सविस्तर ईमेल लिहू, चारचौघांत कशाला घोळ. संध्याकाळी आरती होती. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता लिहिलं तर मॅडम म्हणतील काल का नाही बोललात. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त जास्त. ईमेल गेला दहाव्या दिवशी. मॅडमचं उत्तर तासाभरात आलं. 'सर, जागा परवाच दुसऱ्या कॉलेजातल्या मुलीला दिली. तिनं नेमणुकीचं पत्र घेतलंसुद्धा. तुम्ही त्याच वेळी एक वाक्य बोलला असतात तर!'

त्या दिवशी सर जेवले नाहीत. बायडाबाईनं ताट झाकून ठेवलं आणि पुढ्यात बसून राहिली. म्हातारीपुढं लपवायची सोय नव्हतीच. सरांनी सगळं सांगितलं.

"म्हंजी राबली ती आन् नाव लागलं तुझं," ती म्हणाली.

"आई, मी मुद्दाम नाही केलं."

"मुकादम बी मुद्दाम न्हाई करायचा. अडाणी हुता त्यो. तू तर शिकल्याला हायेस ना रं?"

जे वर्गात आवाज चढवून सांगत आलो, तेच आपल्या लॅबमध्ये, आपल्या हातानं, एका पोरीला केलं. आणि तेही त्याच संशोधनात. लाज वाटली म्हणजे काय होतं, ते त्यांना चाळिसाव्या वर्षी कळलं.

मग दोन दुपारी बसून त्यांनी सगळा इतिहास दुरुस्त केला. एकेक नोंद वाचायची, कुणाची ते ओळखायचं, त्याचं नाव लावायचं. ज्योतीच्या दोनशे चौदा ओळखायला यादी लागली नाही. पुण्याला नवी प्रत पाठवली, पहिलं नाव तिचं घ्या म्हणून लिहिलं. मॅडमनी ते मान्यही केलं. पण निबंधावरच्या नावानं पुंजारामच्या कोयत्याला जोडीदार मिळणार नव्हता. ज्योती तर बैठकीच्या दिवसापासून कॉलेजात फिरकलीच नव्हती.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता सर तिच्या गावी पोचले. वेशीत ट्रक लागला होता. भांडी, गोधड्या, सरपणाचे भारे, दोन शेळ्या चढवून झाल्या होत्या. पुंजाराम दोर आवळत होता. "या सर, लांबून आलात," तो हसून म्हणाला. त्याच्या बोलण्यात कसलाही राग नव्हता, आणि सरांना तेच जास्त लागलं.

ज्योती पुढं आली. डोक्याला फडकं बांधलेलं. सरांनी नोंदींचे छापलेले कागद तिच्या हातात दिले. ती उभ्या उभ्या वाचत गेली.

"सगळ्या बरोबर ओळखल्या तुमी," ती म्हणाली. "एक बी चुकली न्हाई."

"पुण्यालाही पाठवल्यात. निबंधावर पहिलं नाव तुझं आहे."

"व्हय?" तिला खरंच बरं वाटलं. मग जरा घुटमळून ती म्हणाली, "सर, एक बोलू का? चूक माझीच झाली. त्या दिवशी म्या बोलायला पायजे हुतं. समोर मॅडम, बाजूला प्राचार्य, तुमी गडबडीत असनार, तुमच्या ध्यानातच आलं नसंल. म्या नुसतं म्हनलं असतं की सर, नावाचं सांगा, तरी तुमाला आठवलं असतं. दीड महिना झालं, रोज वाटतंय, का गप बसले मी."

सरांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पोरगी मनातून स्वच्छ होऊन ट्रकमध्ये चढली असती आणि सर तिच्यासाठी जन्मभर सर राहिले असते. पण दीड महिना ही पोरगी स्वतःला दोष देत बसली होती, आणि तो दोष तिच्या अंगावर तसाच टाकून परत फिरायचं सरांना जमलं नाही.

"ज्योती, माझ्या ध्यानात होतं," ते म्हणाले. "मॅडमनी विचारलं तेव्हाच होतं. तुझं नाव जिभेवर आलं होतं. मी गिळलं."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. रडली नाही, रागावलीही नाही. पुंजारामनं ट्रकमधून हाक मारली, "ज्योते, चल गं." तिनं कागद नीट सारखे केले आणि सरांच्या हातात परत दिले.

'येते सर' म्हटल्याशिवाय ही पोरगी कधी लॅबमधून बाहेर पडली नव्हती. त्या सकाळी ती काही न बोलता वळली आणि चाकावर पाय देऊन ट्रकमध्ये चढली.