बिब्बा नव्हे, मी

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, दप्तराचा तर नव्हेच. केडगावच्या एका दवाखान्यात गुडघे बदलतात, तिथे मला पेशंटच्या मांडीला गुंडाळतात. माझ्यात हवा भरली की मी मांडी आवळतो. पायाकडे जाणारं रक्त थोडा वेळ थांबतं आणि डॉक्टरांना आतलं स्वच्छ दिसतं. "पट्टा भारी आहे हं," असं ते म्हणायचे. मग मी हवेशिवायही फुगायचो.

आता तोंड दाखवायची लाज वाटते.

खर्ड्याच्या बनुबाई आल्या त्या दिवशी फार घाई होती. माझ्याखाली कापूस असतो. तो कोरडा राहावा म्हणून कडेला प्लास्टिकची पट्टी चिकटवतात. ते काम मदतनीस कानिफनाथचं. तो नेमका विसरला. पाय पुसायचं औषध ओघळून कापसात मुरलं आणि तो ओला कापूस मी तासभर कातडीवर दाबून धरला. मला कळत होतं, पण सांगणार कसा?

गुडघा छान बसला, मांडीवर मात्र फोड आले. पुढचं मी कानिफनाथच्या तोंडून ऐकलं. गावाकडे गुडघेदुखीवर बिब्बा लावतात आणि तो उतला की कातडीवर फोड येतात, हे डॉक्टरांना ठाऊक. त्यांनी जखम नीट न पाहताच विचारलं, "आजी, ऑपरेशनआधी बिब्बा लावला होता ना?"

"न्हाई वो."

सून सीमा भडकली. "आत्या, चोरून लावलाच ना? जखम चिघळली तर नवा गुडघा जाईल!"

बनुबाई दोनदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा मान खाली घालून पुटपुटल्या, "व्हय, लावला आसंल." नुसतं भांडण मिटावं म्हणून. सीमाने चार दिवस अबोला धरला. सासू-सुनेत बिब्बा घातला तो मी.

कानिफनाथला जेवण जाईना. पाचव्या दिवशी त्याने मला बनुबाईंच्या खोलीत नेलं आणि डॉक्टरांसमोर फोडांशेजारी धरलं. फोडांची रुंदी माझ्याएवढीच होती.

"साहेब, प्लास्टिक लावायचं मी इसरलो. बिब्बा असा मांडीभवती गोल कोन लावतंय?"

डॉक्टरांनी हात जोडले. "आजी, चूक आमची. जखम भरेल. गुडघाही वाचेल."

"ते ऱ्हाऊ द्या," बनुबाई म्हणाल्या. "आदी माज्या सुनंला सांगा. म्या पयल्यांदा न्हाई म्हनले, तेच खरं हुतं."

सीमा दारातच उभी होती. ती रडू लागली.

मित्रांनो, माझा कापूस कोरडा ठेवा, एवढंच मी मागणार होतो. आता आणखी एक मागतो. म्हातारं माणूस नाही म्हणालं, तर तिसऱ्यांदा विचारू नका. आधी जखम पाहा.