बिघाड नसलेला पंप

पंप उत्तम चालला होता, आणि पानेबुवा घाबरले ते त्यामुळेच.

त्यांनी पंपाभोवती एक फेरी मारली. मग उलट्या बाजूने दुसरी मारली, कारण काही पंप एकाच अंगाने शहाणे असतात. कान लावला. आवाज होता, पण तक्रार नव्हती. बेअरिंगवर तळहात ठेवला, कोमट. दाबाच्या गेजचा काटा असा ठाण मांडून बसला होता, की त्याला जणू घरी जायचंच नव्हतं. पाणी कुठे ठिबकत नव्हतं. अशा यंत्राशी काय बोलायचं, हे पानेबुवांना कुणी शिकवलंच नव्हतं.

परीक्षा तशी सोपी होती, म्हणजे सांगायला. प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये पंप मांडलेले. प्रशिक्षकाने त्यांत आधी काहीतरी करून ठेवायचं आणि कारागिराने एकट्याने पंप तपासून काय बिघडलंय ते सांगायचं. संधी दोन. पास होईल त्याला कारखान्याच्या नव्या पंपघरात जागा, नापास होईल त्याची गोदामात बदली. गोदामात खुर्ची होती, पंखा होता आणि नट-बोल्टच्या पेट्या होत्या. पानेबुवांच्या बायकोला गोदामच पसंत होतं. तिथून माणूस धुतल्या कपड्यांनी परत येतो, एवढंच तिचं म्हणणं. पानेबुवांना मात्र गोदामाच्या नुसत्या विचाराने धाप लागे. ज्या वस्तू फिरत नाहीत, तापत नाहीत, ओरडत नाहीत, त्यांच्या सोबतीत दिवस कसा काढायचा?

पानेबुवा हे नाव कारखान्याने ठेवलेलं. पाना हातात नसला की ते कपडे घालायला विसरल्यासारखे दिसत. दिसेल तो बोल्ट आवळणं हा त्यांचा स्वभाव होता, आणि स्वभावाला कारण होतं. त्यांच्या कारखान्यात ‘काही बिघाड नाही’ असं सांगत परत येणाऱ्याकडे फोरमन अशा नजरेने बघे, जणू गडी वाटेत कुठेतरी झोपून आला असावा. त्यामुळे तसं सांगत कुणी परत येतच नसे. काही सापडलं नाही तर एखादा बोल्ट आवळायचा आणि ‘आवळला’ म्हणून सांगायचं. फोरमन खूश, कारागीर खूश. बोल्टला कुणी विचारत नसे.

शिवाय तिथले पंप पानेबुवा ओळखत ते त्यांच्या दुखण्यांवरूनच. दाराजवळचा कण्हायचा. मधल्याचा गेज दाब जास्त दाखवायचा, तो मनातल्या मनात उतरवून वाचायचा. कोपऱ्यातल्याला सुरू करताना बुटाचं टोक लावावं लागे, पण मायेने. ठणठणीत पंप त्यांनी पाहिला होता तो फक्त माहितीपत्रकात, आणि फोटोचा काय भरवसा.

त्यात भर म्हणजे प्रशिक्षक निघाली त्यांची सख्खी पुतणी. जिला खांद्यावर बसवून फिरवलं, ती आता फळ्यासमोर उभी राहून बेअरिंगमध्ये ग्रीस कमी घाला म्हणत होती. जास्त ग्रीस भरलं की बेअरिंग आतल्या आत घुसळत राहतं आणि तापतं, असं ती म्हणाली, तेव्हा पानेबुवांच्या पायाखालची जमीन सरकली. आजवर त्यांनी प्रत्येक बेअरिंगला अगदी ओसंडेपर्यंत खाऊ घातलं होतं. ते हात वर करून उभे राहिले.

“मॅडम, तू म्हणतेस ते...” त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं वर्गातल्या हसण्यात बुडालं. पुढे ‘मॅडम, तू’ हे केंद्रात सगळ्यांच्या तोंडी बसलं. पुतणी तेवढी हसली नाही. मात्र संध्याकाळी तिने घरी सांगितलं असावं, कारण रात्री वहिनींचा फोन आला आणि त्यांनीही मॅडमची चौकशी केली.

तर आता पंप समोर चालू होता, मॅडम काचेपलीकडे दुसऱ्या उमेदवाराचे कागद बघत होती, आणि पानेबुवांचे हात शिवशिवत होते.

त्यांनी स्वतःला बजावलं की बिघाड आहे, नक्की आहे, परीक्षेला काय कुणी धडधाकट पंप ठेवतं? पोरगी हुशार, तिने खोल कुठेतरी दडवला असणार. त्यांनी शिकवल्याप्रमाणे पंप बंद केला, स्विचला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आणि मोटरच्या पायाचा एक बोल्ट जरासा हलका लागला म्हणून पान्यावर सगळं वजन टाकून आवळला.

कुलूप काढून पंप सुरू केला, तर तो थडथडायला लागला.

पानेबुवांच्या जिवात जीव आला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आता त्यांना सगळं शिकवलेलं भराभर आठवू लागलं. मोटरला चार पाय. त्यातला एक खाली नीट टेकत नसला आणि वरून बोल्ट करकचून आवळला, तर मोटरचं अंग पिळतं आणि ती थरथरते. त्यांनी पुन्हा कुलूप लावलं, बोल्ट ढिला केला, पायाखाली मापाची पट्टी सरकवून पाहिली. पट्टी सहज आत गेली. पाय अधांतरीच होता. त्यांनी तेवढ्याच जाडीचा पातळ पत्रा कापून पायाखाली घातला, बोल्ट आवळले, मोटर आणि पंप एका रेषेत आहेत ना ते डायल लावून पाहिलं, आणि पंप चालू केला. पंप उत्तम चालू लागला. थोडक्यात, सुरुवातीला चालला होता तसा.

पुतणी आली. तिने काय सापडलं ते विचारलं आणि पानेबुवांनी छाती काढून अधांतरी पायाची हकिकत सांगितली. ती ऐकत गेली तशी तिच्या कपाळावर आठी उमटत गेली.

“काका, यात मी काहीच केलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे हा पंप ठीक होता. एक तसाच ठेवतो आम्ही. ठीक आहे, एवढंच सांगायचं असतं.”

पानेबुवांनी पंपाकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाले, की मॅडम, पाय मात्र अधांतरी होता, तू स्वतः बघ. तिने पंप बंद करून कुलूप लावलं, खाली बसून बोल्ट ढिला केला, पत्रा काढला, पट्टी घालून पाहिली. पट्टी आत गेली. ती तिथेच बसून हिशेब लावू लागली. पाय अधांतरी, म्हणजे पंपात दोष होता. पण बोल्ट बेताचा आवळलेला असल्यामुळे तो दोष कुणाला त्रास देत नव्हता, म्हणजे पंप ठीक होता. काकांनी आवळला म्हणून बिघडला, म्हणजे बिघाड काकांनी केला. पण त्यांनी तो केला नसता तर दोष कळलाच नसता. तिने हे एकदा इकडून आणि एकदा तिकडून मांडून पाहिलं, आणि दोन्ही वेळा ती काकांपाशीच येऊन पोचली. काकांनी तिला जमिनीवरून उठायला हात दिला. त्यांना तिच्याएवढंही कळलं नव्हतं.

“मला एकच सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही हात लावायच्या आधी हा थडथडत होता का?”

प्रश्न छोटा होता. ‘हो’ म्हटलं की बिघाड आधीचा ठरणार, पानेबुवा पास, नवं पंपघर. ‘नाही’ म्हटलं की एक संधी गेली आणि गोदाम एक पाऊल जवळ आलं. ती तेव्हा काचेपलीकडे कागदांत होती, पाहणारं कुणी नव्हतं. पानेबुवांनी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलंही. पण हो म्हटल्यावर ती विचारणार, कधीपासून, किती, कोणत्या बाजूला. खरं तेच त्यांना धड उलगडेना, त्यावर आणखी एक खोटं कुठे बसवणार?

“नाही गं,” ते म्हणाले. “छान चालला होता. म्हणूनच तर आवळला.”

पुतणीने पहिल्या संधीला नापास केलं. काका म्हणून काही सवलत दिली नाही, आणि त्यांनी मागितली नाही. तिने पत्रा परत बसवला, बोल्ट आवळले, डायल लावून पाहिलं आणि काकांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागे पान्याचा खणखणाट झाला, काहीतरी फिरलं, काहीतरी सरकलं. खरंच काही केलं की नुसता आवाज केला, हे भिंतीवरून कळत नव्हतं. मग तिने कुलूप काढून पंप चालू केला, वळायला सांगितलं आणि हात पाठीमागे बांधायला लावले. तपासण्यापुरते सोडायचे, पान्याला शिवायचं नाही.

पानेबुवांनी ऐकलं. तळहात लावला. काटा पाहिला, जमीन पाहिली, मोटरचे चारही पाय पट्टी घालून पाहिले. काही सापडेना. एका बोल्टकडे नजर सारखी जात होती आणि बोल्टही त्यांच्याकडेच बघतोय असं त्यांना वाटत होतं. गोदामातला पंखा डोळ्यांपुढे फिरायला लागला. जे वाक्य त्यांनी नोकरीत एकदाही उच्चारलं नव्हतं, ते आता म्हणायचं होतं.

“मॅडम, तू...” ते म्हणाले. मग खाकरले. “काही बिघाड नाही.”

“नक्की?”

“नक्की कसलं. पण मला सापडत नाही, आणि जो चांगला चाललाय त्याला हात लावायचा मला आता धीर नाही.”

पुतणीने मान हलवली आणि पास झाल्याचं सांगितलं. पानेबुवा जागचे हलले नाहीत. त्यांनी दबक्या आवाजात विनंती केली, की घाई नको करूस, एकदा तूही बघून घे, काहीतरी असेलच. तिने त्यांना दंडाला धरून दारापर्यंत पोचवलं.

बाहेर कारखान्याचा वेल्डर बसला होता. पुढचा नंबर त्याचा, आणि त्यालाही गोदामात जायचं नव्हतं. पानेबुवा पास झाल्याचं ऐकून त्याने त्यांना कोपऱ्यात ओढलं आणि आत काय बिघाड आहे ते विचारलं.

“काही नाही,” पानेबुवा म्हणाले.

वेल्डरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांची सोबत, एका डब्यात जेवलेली माणसं, आणि ऐन वेळी हा असा वागतो. सांगायचं नसेल तर तसं म्हणावं, थापा कशाला माराव्यात, असं पुटपुटत त्याने बाकावरचा आपला सगळ्यात लांब पाना उचलला आणि तो आत गेला.

पानेबुवांना त्याचा राग आला नाही. त्यांचाही अजून विश्वास बसत नव्हता.