थॉर्बर्न साहेबांचा कोबी

बहात्तर सालच्या किमजांगला साहेबांच्या अंगणात कोबीचा ढीग पडला आणि मी चपापले. हिवाळ्याचं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालताना आमच्या कोरियात सोलमधली बाई घरातली तोंडं बघून कोबी आणते. साहेब, ड्रायव्हर आणि स्वयंपाकाची मी, तीन तोंडं. कोबी मागवताना मी सवयीने चौथंही धरलं होतं, माझ्या धाकट्या भावाचं. सरकारविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून पोलीस इनचोलला शोधत होते आणि तो साहेबांच्याच बॉयलरच्या खोलीत लपला होता. साहेबांना ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते.

थॉर्बर्न साहेब अमेरिकन वकिलातीत होते. तरुणपणी चीनमध्ये असताना त्यांनी दिसलं ते खरं, कम्युनिस्टच जिंकणार असं, आपल्या सरकारला लिहून कळवलं, तर त्यांच्याच लोकांनी त्यांना फितूर म्हटलं. कित्येक वर्षं चौकशी, मग कुठल्याशा बेटावर शिक्के मारायचं काम. हे ड्रायव्हरने सांगितलेलं. ऐकून मला दया नाही, भीती वाटली. डाग लागलेला माणूस स्वतःला स्वच्छ दाखवायला दुसऱ्याला पुढे करतो, हे मी युद्धात पाहिलं होतं.

मसाला भरायला गल्लीतल्या बायका आल्या, त्यांत गल्लीप्रमुख दोकनाम काकूही. कुणाकडे कोण राहतं ते ठाण्यावर कळवणं हे त्यांचं काम. ढिगाकडे बघत त्या म्हणाल्या, "पिलसून, एवढं कोण खाणार गं? ड्रायव्हरला जुळं झालं की काय?"

बायका हसल्या. मी मान खाली घालून पानांत मसाला भरत राहिले.

"मीच खातो, काकू," साहेब पायरीवरून म्हणाले आणि खाली येऊन आमच्यात उकिडवे बसले.

"तुम्ही? तुम्हा लोकांना तर वासानंच ठसका लागतो."

साहेबांनी मसाला भरलेलं अख्खं पान तोंडात घातलं, मग दुसरं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकू हसल्या, पण त्यांची नजर ढिगावरून हलेना.

सगळ्या गेल्यावर किमचीचे रांजण अंगणात पुरताना एकच मनात घोळत होतं: साहेबांना इनचोलचं ठाऊक आहे, आता ते गप्प राहण्याची किंमत मागणार. इनचोलला आजच हलवायचं ठरवून मी त्याचं गाठोडं बांधलं. तेवढ्यात साहेब स्वयंपाकघराच्या दारात आले. गाठोडं बघितलं. कुणाचं, ते विचारलं नाही.

"पिलसूनबाई, वसंतात काकू रांजण बघायला येतील," ते म्हणाले. "ते रिकामे हवेत. माझ्या एकट्याने नाही संपणार."

मी बराच वेळ त्यांचा चेहरा निरखला. विश्वास बसला असं नाही. पण बाहेर काकू आणि ठाण्याची माणसं होती आणि आत हा एकच माणूस. मी गाठोडं सोडलं आणि भाताचा वाडगा घेऊन बॉयलरच्या खोलीत गेले.