रणगाडा आणि गोगलगाय

आमच्या ह्यांना बायकोपेक्षा ट्रॅक्टर प्यारा, हे मी लग्नानंतर आठवड्याभरातच ओळखलं होतं. मी त्याला रणगाडा म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही. चालू झाला की भिंतीवरची भांडी थरथरतात.

दुपारी डबा घेऊन मी बांधावर उभी राहायची. हे रणगाड्यावर, आणि मान कायम मागे. मागे जोडलेलं कोळपं बिटाच्या दोन ओळींमधलं तण कापत जातंय ना, एखादं रोप त्याखाली येत नाही ना, ते बघत बघत पुढे जायचं, असं ते काम. गाडी पुढे, नजर मागे. मी टॉवेल हलवायची, हाका मारायची, उड्या मारायची. पण बघतंय कोण आणि ऐकतंय कोण! एकदा तर संतापून ढेकूळ उचललं आणि नेम धरून बॉनेटवर हाणलं. तेव्हा थांबले. वर मलाच विचारतात, "अगं, कधी आलीस?" आता काय बोलायचं अशा माणसाला? भाजी गार आणि डोकं गरम, असा आमचा संसार.

उजव्या खांद्यावरून मागे बघून बघून ह्यांची मान तशीच वळून बसली. जेवायला बसले की वाटायचं, दाराशी कुणी आलंय की काय. मानेचं मी हसण्यावारी नेलं, पण पाठीचं नेता येईना. डॉक्टरीणबाईंनी पाठीचा फोटो उजेडात धरून स्पष्ट सांगितलं, "हादऱ्यांनी मणके झिजलेत. ट्रॅक्टर सोडा. नाहीतर पाय जातील, मग शेत खिडकीतून बघा." हे शहाण्यासारखी मान डोलावून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रणगाड्यावर. पालथ्या घड्यावर पाणी!

मी लेकीला फोन लावला. ती शेतातली यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. "तुझ्या बापाला तुझंच ऐकू येतं," म्हटलं. ती आली, आणि येताना टेम्पोतून एक यंत्र घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढं, चार बारीक चाकं, डोक्यावर सोलरचं पान, पोटाखाली कॅमेरे आणि बोटाएवढी पाती. चालवायला माणूस नाही. आपलं आपण, पाऊल मोजत चालल्यासारखं.

"ही कसली गोगलगाय आणलीस?" हे म्हणाले. "हिला माझ्या बांधापर्यंत जायला वर्ष लागेल."

"लागू दे ना बाबा," लेक म्हणाली. "अर्ध्या रानात तुमचा ट्रॅक्टर, अर्ध्यात ही. मी रविवारी येऊन बघते. ज्याचं तण कमी आणि रोपं जास्त, तो जिंकला. तुम्ही हरलात तर ट्रॅक्टर फक्त नांगरटीला, आणि तोही चालवायला दुसरा माणूस."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर मी परत तोंड उघडणार नाही."

हा माणूस जिंकला तर पाय घालवून बसणार, आणि हरणं ह्यांच्या रक्तात नाही. मी देवाला सांगितलं, बाबा रे, गोगलगायीला हात दे.

पहिल्या दिवशी ह्यांनी जेवायच्या आत निम्मं काम उरकलं. गोगलगाय चार ओळींतच घुटमळत होती. हे घरी आले ते शीळ घालत. पायात एकच चप्पल. "दुसरी कुठे?" म्हटलं, तर खाली बघून स्वतःच चकित. मी पोट धरधरून हसले. म्हटलं, जिंकण्याच्या नादात माणूस अर्धा अनवाणी झाला.

पण गोगलगायीला चहा लागत नव्हता, डिझेल लागत नव्हतं, गप्पा मारायला बांधावर थांबायचं नव्हतं. मी जवळ जाऊन बघत बसायची. ती प्रत्येक रोपापाशी क्षणभर थबकायची. हे बीट, हे तण, असं मनाशी ठरवल्यासारखी. मग पातं हळूच आत आणि लगेच बाहेर. कोळपं दोन ओळींमधलं काढतं, पण दोन रोपांच्या मधलं तण त्याच्या बापाच्यानेही निघत नाही. ते माझ्या वाट्याला, उकिडवं बसून, खुरप्याने. माझ्या गुडघ्यांना विचारा! ते काम ही बया न कुरकुरता करत होती. रणगाडा जमीन फोडतो तेव्हा त्याच्या ताकदीपुढे मीही हात जोडते, खोटं का बोलू. पण नाजूक कामाला हात लागतो, आणि हिला हात होता.

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. शनिवारी हे डिझेल आणायला गेले तसं मी खुरपं पदरात घेतलं. म्हटलं, गोगलगायीला गुपचूप थोडी मदत करू. लबाडी तर लबाडी, नवऱ्याचे पाय वाचतायत ना! ओळीत बसले आणि बघतच राहिले. उपटायला काही नव्हतंच. मेलीने माझ्यासाठी एक काडी ठेवली नव्हती. माती अशी भुसभुशीत की बोट घातलं तर आत जात होतं.

मग म्हटलं, ह्यांचं तरी बघावं. ह्यांच्या चाकांखालची माती खुरप्यालाही दाद देईना. ते ठाऊकच होतं. पण शेवटच्या ओळींशी आले आणि थबकले. दोरी धरल्यासारख्या सरळ जाणाऱ्या ह्यांच्या ओळी तिथे नागमोडी झाल्या होत्या, आणि रोपं माना टाकून उभी. एक उचललं तर अलगद हातात आलं. खाली मूळच नव्हतं. कोळप्याने कापलेलं रोप पुन्हा मातीत खोचून अंगठ्याने दाबलं होतं. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही. अंगठ्याचे ठसे मी ओळखते.

तेव्हा मला ती चप्पल आठवली. पायातून निघून पडली तरी ह्यांना कळलं नव्हतं. आणि मी हसले होते.

मी तिथेच मातीत बसून रडले. त्या दुखऱ्या पाठीने वाकून एकेक मेलेलं रोप उभं करताना हा माणूस किती घाबरला असेल. घरात मी असताना एकटा घाबरला.

मग उठले. मेलेली सगळी रोपं गोळा केली आणि बांधापलीकडे टाकली. हरू देत, पण लेकीसमोर उघडे पडायला नकोत.

रविवारी लेक आली. गोगलगायीच्या ओळी बघून खूश झाली. गोगलगायीने दोन रोपं मारली होती, तेही लेकीने मान्य केलं. मग ह्यांच्या ओळींत आली. "आई, इथली रोपं कुठे गेली?"

"पाखरांनी उपटली," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. वळलेली मान कष्टाने सरळ केली आणि बघितलं. मी नजर चुकवली.

"पाखरं नाहीत," हे म्हणाले. "मीच कापली. उजवा पाय कळत नाही मला. पेडलवर आहे की नाही, खाली बघावं लागतं." आणि खिशातून किल्ली काढून लेकीच्या हातावर ठेवली.

"मग बोलायला काय धाड भरली होती?" मी किंचाळले आणि ह्यांना घट्ट धरलं. लेकीसमोर, भर रानात. धरलं तर धरलं!

लेकीने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, हिच्यामागे चालायला माणूस लागतो. पात्यात माती अडकली की काढायची, कुठे चुकते ते मला सांगायचं. तिला कॅमेरे आहेत, पण हे रान तुम्ही बघितलंय."

"मागे चालायचं?" हे म्हणाले. "म्हणजे यंत्र पुढे?"

"यंत्र पुढे."

आता रणगाडा शेडमध्ये असतो. नांगरटीला शेजारचा ड्रायव्हर येतो, आणि हे त्याला बांधावरून शिव्या देतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत थांबलात. ज्या पायाचं काही कळत नव्हतं, त्याला हल्ली मुंग्या येतात, आणि आम्ही दोघं त्या मुंग्यांवर खूश असतो.

परवा डबा घेऊन गेले. सवयीने टॉवेल खांद्यावर, शिवाय वाटेत एक ढेकूळही उचललेलं. लांबवर गोगलगाय चालली होती, आवाज न करता, आणि तिच्यामागे हे, समोर बघत. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"आलीस का गं?" ह्यांचा आवाज आला. ओरडून नाही, घरात बोलतात तसा. आणि हात वर केला.

इतक्या वर्षांच्या संसारात आधी त्यांना मी दिसले, असं पहिल्यांदाच झालं. ढेकूळ हातातून गळून पडलं. डबा उघडला तेव्हा भाजी अजून गरम होती.